पांढऱ्या उंदरांची जोडी

माझ्या सासूनं माझा संसार दोन उंदरांच्या शेपटीला बांधला होता. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. संसार दुसऱ्या कुणाचा असता तर मीही हसले असते.

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, आता मला कसली चोरी? त्याचं नाव वना. भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी त्याचं गाव. घरची कपाशीची जमीन, आणि हंगामात गावच्या जिनवर, कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काम. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे त्याची मान कधी वर झाली नाही. सासू भिकूबाई. नवरा आणि तीन लेकरं तिनं प्लेगात एकाच हिवाळ्यात घालवली होती, उरला तो हा एकटा वना. त्याला पोर व्हावं म्हणून तिचा जीव का तुटतो, ते मला तेव्हाही कळत होतं. कळून करणार काय? लग्नाला आठ वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, आणि घरात खापर फोडायला डोकं एकच होतं.

नवस झाले, अंगारे झाले, पिंपळाच्या फेऱ्या झाल्या. त्या चैत्रात ती मला धुळ्याला एकवीरा देवीच्या यात्रेला घेऊन गेली. ओटी भरून बाहेर आलो तर पांझरेच्या वाळूत शेवंताबाई नावाची एक खेळवाली बसलेली. पुढ्यात लाकडी खोकं आणि त्यात पांढरेशुभ्र उंदीर. कुणी इवल्याशा झोक्यावर बसे, कुणी चाकात धावे. एक मादी नुकतीच व्यालेली होती, तिची शेंगदाण्याएवढी गुलाबी पिलं तिच्या पोटाखाली वळवळत होती. भिकूबाई बघायला म्हणून खाली बसली ती उठेना. शेवंताबाईनं गिऱ्हाईक ओळखलं. गणपतीचं वाहन आहे, म्हणाली, घरात जोडी ठेवा, दोन महिन्यांत टोपली भरते, आणि ज्या घरात टोपली भरते तिथं पाळणाही हलतो.

सासूनं जोडी घेतली आणि तिथंच, देवळाकडे तोंड करून मला बजावलं, "ह्यास्ले पिलं व्हयनात का तुनी बी कूस उघडनी समज. पुढला सालनी आखाजी लगून वाट देखसू. नही तं आखाजीले माहेरले जाशी ती तठेच ऱ्हाय. मूळ येवाव नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात. झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि मग सासरहून त्यांना न्यायला कुणीतरी येतं. ते न्यायला येणं म्हणजे मूळ. जिचं मूळ येत नाही ती माहेरच्या ओसरीवर म्हातारी होते आणि तिच्या भाच्यांची लग्नंसुद्धा तिला दाराआडून बघावी लागतात. सासू मला सोडचिठ्ठी देणार नव्हती, मारणारही नव्हती. फक्त न्यायला कुणाला पाठवणार नव्हती.

गावात तर तमाशाच झाला. शेजारचे चुडामण आबा ओसरीवरून ओरडले, "पलेगना सालमा मरेल उंदीर देखीसन आम्ही गाव सोडीसन पयनूत, आनि हाई भिकूबाई यात्रामातीन उंदीर घर लई उनी!" आठ दिवस आमच्या दारात लोक पाय ठेवेनात. भिकूबाईचं मात्र सगळं लक्ष डब्याकडे. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला वरून जाळी ठोकून तिनं तो देवघराच्या खाली ठेवला होता. नराचं नाव ठेवलं राजा. मादीला तिनं नावच ठेवलं नाही. मी तिला चिंधी म्हणायला लागले, कारण घरातली प्रत्येक चिंधी ती ओढून नेऊन आपल्या कोपऱ्यात रचायची.

सेवा सगळी माझ्याकडे. आणि खरं सांगते, पहिले पंधरा दिवस किळस आली, मग लळा लागला. चिंधी माझ्या खांद्यावर बसून केसात नाक खुपसायची. त्या घरात मला आपण होऊन जवळ घेणारं तेवढं एकच होतं.

उंदीर म्हणजे काटक जनावर असं आपल्याला वाटतं. पाळून बघा. डब्यात वनानं जिनवरची रुई आणून मऊ गादी केली होती. आषाढात दोघंही शिंकायला लागली आणि एका सकाळी चिंधीच्या डोळ्यांभोवती लाल वर्तुळं दिसली. सासूनं कपाळ बडवलं, मादी रक्ताचे आसू रडते, अपशकुन आहे म्हणाली. मी कोमट पाण्यानं डोळे पुसले. लाली निघाली, खाली जखम नव्हती. जिनवर काम करणाऱ्या बायांना कापसाचा धुरळा बाधतो, शिंका येतात, छाती भरते, हे गावात कोणाला ठाऊक नाही? मी रुई काढून टाकली, जुन्या लुगड्याचे तुकडे घातले. चार दिवसांत डोळे निवळले. मग कानामागं खरूज आली, तिला करंजाचं तेल लावलं. मग राजाचे पुढचे दात वाढून वळायला लागले, कारण त्याला चावायचं कामच नव्हतं. त्याला फडक्यात गुंडाळून, जीव मुठीत धरून, मी सुपारीच्या अडकित्त्यानं दातांची टोकं कापली. घामानं माझी चोळी भिजली. राजानं मात्र लगेच पुढचा घास मागितला.

त्याचा घास म्हणजे सरकी. चिंधीला भाकरीचा तुकडा चालायचा, नराला ताकद हवी म्हणून सासू स्वतःच्या हातानं भिजवलेली, सोललेली सरकी भरवायची. कापसाचा मुलूख हा, सरकीला काय तोटा? सरकीनं म्हशीचं दूध दाट होतं, मग नराला जोर का येणार नाही, असा तिचा सरळ हिशेब. आणि नर घरात दोन होते. वनालाही लग्नापासून रोज सकाळी सरकीची खीर असायची. रात्री भिजवायची, पाट्यावर वाटायची, दूध पिळून काढायचं, गूळ घालून आटवायचं. शिवाय जिनवर तो दिवसभर खिशातली सरकी चघळत राहायचा. बाकीचे लोक तंबाखू खातात, माझा मुलगा सरकी खातो, हे ती अभिमानानं सांगायची.

पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. पिलं नाहीत. रोज सकाळी सासू डबा उघडायची, चिंधीचं पोट चाचपायची, आणि मग माझ्याकडे बघायची. त्या बघण्याला तोंडी शिवी बरी. राजा सरकी खाऊन सुस्त झाला होता, कोपऱ्यात पडून राही. पण बोलणी खायची ती चिंधीनं. "मादीच वांझ शे," सासू म्हणायची, आणि हे वाक्य डब्यापाशी सुरू होऊन चुलीपाशी माझ्यावर येऊन संपायचं.

पौषात चिंधीची छाती भरली. श्वासाबरोबर बरगड्या आत-बाहेर, घशात घरघर, खाणं बंद. मी ओव्याची पुरचुंडी शेकली, कांद्याचा रस मधात चाटवला. गुण येईना. ती मेली असती तर माझा वायदाही तिच्याबरोबर मेला असता, हे खरंच. पण त्या तीन रात्री मी रडले ते वायद्यासाठी नाही. तिला माझ्या तळहाताशिवाय झोप लागत नव्हती, म्हणून रडले.

शेवटी सासूच म्हणाली, खेळवालीकडे न्या. जिनची मोटार रुईच्या गाठी घेऊन धुळ्याला निघाली होती. वना आणि मी तिच्यात बसलो, डबा माझ्या मांडीवर. शेवंताबाई पांझरेकाठच्या तिच्या पालात होती. तिनं चिंधीला कानाशी धरून छाती ऐकली, आणि म्हणाली महिनाभर माझ्याकडे ठेवा, रोज धुरी द्यावी लागेल, वाचली तर वाचली. वना गाठी उतरवायला गेला. मग तिनं मला विचारलं, चारता काय? मी सांगितलं. तिनं हातातलं काम टाकलं.

"नरले सरकी? कोनी सांगं तुले?" ती म्हणाली. "एक हिवायामा जिनमातीन माले सरकी फुकट भेटे. मी बठ्ठास्ले तीच चारी. त्या साल एक बी मादी व्यायनी नही. माद्या बदली दख्यात, तरी नही. सरकी बंद करी तवय काही नर ताळावर उनात, काही तसाच ऱ्हायनात."

आठ वर्षं. रोज सकाळी मी माझ्या हातानं ती खीर वाटली होती, चूल फुंकली होती, वाटी धुऊन ठेवली होती. उंदराचं ते माणसाचं असेलच असं नाही, हे मलाही कळत होतं. पण आठ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला म्हणालं होतं की खोट दुसरीकडेही असू शकते. मला देवी भेटल्यासारखं झालं.

परतताना मी वनाला सांगितलं. हळू, गोडीनं. चार महिने सरकी सोडून बघा, एवढंच म्हटलं. त्याचा जबडा हलायचा थांबला. मला वाटलं, आता हा माझा झाला. मग तो म्हणाला, "मी काय उंदीर शे का?" आणि घरी पोचल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते आईला सांगायचं.

त्या दिवशी भिकूबाईनं माझ्यावर हात उचलला नाही. ती जमिनीवर बसली आणि ऊर बडवून रडली. "मना तीन लेकरं पलेगमा गयात, हाऊ एकच ऱ्हायना, आनि तू त्याले वांझ म्हनस?" मला तिची कीव आली, आणि तितकाच रागही आला. दुसऱ्या दिवसापासून खिरीची वाटी मोठी झाली. राजाचीही.

फाल्गुनात वना पुन्हा धुळ्याला गेला आणि येताना चिंधीला घेऊन आला. तोच घेऊन आला, हे लक्षात ठेवा. चिंधी बरी झाली होती, घरघर गेली होती, अंग भरलं होतं. पोट जरा जास्तच भरलं होतं. मी हात लावला आणि मला कळलं. आत बारीक हालचाल होती. शेवंताबाईच्या खोक्यात नर काय कमी होते? होळीच्या आधी चिंधी व्याली. नऊ पिलं.

भिकूबाईनं गावात गूळ वाटला. चुडामण आबांच्या हातावर खडा ठेवून म्हणाली, सरकी लागू पडली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली, आठ वर्षांत पहिल्यांदा. मला म्हणाली, आता तुझी पाळी, बाई. वना माझ्याकडे बघून हसला. मी गप्प राहिले. वायदा पुरा झाला होता, आखाजीला गेले तरी माझं मूळ येणार होतं, मग कशाला तोंड उघडू? चार दिवस मी त्या घरात सून म्हणून जगले. गरम भाकरी खाल्ली. खोटं बोलत नव्हते, नुसती गप्प होते, आणि गप्प राहण्याचा एवढा मेवा मला आधी कुणी दिला नव्हता.

पण पिलांना केस फुटायला लागले. निम्मी आईसारखी पांढरी. उरलेल्यांची डोकी मात्र काळी कुळकुळीत, डोक्यावर काळी कुंची घातल्यासारखी. राजा तर दुधासारखा पांढरा. भिकूबाईनं एक पिलू उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. ओसरीवर चुडामण आबांची सून धान्य निवडत बसली होती. ती फिसकन हसली. "काकू, नवरदेव धुयानाच दिसस," ती म्हणाली.

सासूचा चेहरा मी अजून विसरले नाही. ती माझ्याकडे वळली. "हाई वाट दखाडाले लई गयथी का तू तिले धुयाले? बाहेर जावानं आनि पोट करी येवानं, हाई शिकाडस माले?" बोलता बोलता तिचा आवाज एवढा चढला की गल्ली गोळा झाली. मग माझ्याही तोंडाला आठ वर्षं लागलेलं कुलूप निघालं. मी म्हटलं, मादी वांझ नव्हती. वर्षभर तिला शिव्या दिल्या, तिची छाती फुटेस्तोवर दिल्या, आणि दुसऱ्या नरापाशी गेली तर महिन्यात नऊ पिलं झाली. वांझ नर आहे. तुमच्या दोन्ही नरांची सरकी बंद करा.

वना दारातच उभा होता. गल्ली ऐकत होती. तो काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. तो आत गेला.

गणपतीचं वाहन स्वतःच्या हातानं मारायचं पाप भिकूबाईनं केलं नाही. तिनं राजाला उचलून टोपलीखाली ठेवलं आणि डबा उकिरड्यावर नेऊन उपडा केला. घारींना पाप लागत नाही. मी धावले, पण वनानं मला धरून ठेवलं. आयुष्यात त्यानं मला एवढं घट्ट कधी धरलं नव्हतं. चिंधी पळाली नाही. एक काळ्या डोक्याचं पिलू तोंडात धरून ती सरळ घराकडे यायला लागली, कारण तिला माझ्याशिवाय दुसरी जागा ठाऊक नव्हती. घारीनं दोघांना एकदमच उचललं.

राजा पुढं पंधरा दिवसांनी मेला. पोट फुगलं, धाप लागली, सरकीची वाटी पुढ्यात तशीच होती. सासू म्हणाली, हिचेच तळतळाट लागले.

आखाजीला वना मला माहेरी सोडून गेला. गल्लीत झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. आखाजी झाली, पोरी एकेक करून सासरी गेल्या. भाऊ रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन यायचा. पेरण्या झाल्या तसं त्यानं जाणं सोडलं. दिवाळीनंतर कळलं की वनानं दुसरं लग्न केलं, आणि तेही आमच्याच गावात, समोरच्या घरातल्या बेबाशी. मी वहिनीच्या पोरांबरोबर वाढताना पाहिलेली पोरगी. तिच्या बापानं विचार केला असेल, वंश पाहिजे म्हणून नेतात, पोरीला जपतील.

पुढच्या आखाजीला बेबा माहेरी आली. झोक्यावर बसली नाही. दुपारी आमच्याकडे आली, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मी मनात ठरवलं होतं, हिच्याशी बोलायचं नाही. पण तिचे डोळे बघितले आणि माझंच जुनं तोंड मला दिसलं.

"अक्का, खीर चालूच शे," ती म्हणाली. "माले बी येती आखाजी लगूनच मुदत देयल शे. आते घरमा उंदीर नहीत. आते ती रोज मनं पोट चाचपस."

मी तिला सरकीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. "मी बोलनू तं मनं बी मूळ येवाव नही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

तिचं मूळ आलं, ती गेली. आणि माघात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पोट सांभाळत. मला बघून तिनं मान खाली घातली. "काही इचारू नको, अक्का," एवढंच म्हणाली. मी विचारलं नाही. खीर अजून चालू आहे का, एवढंही नाही. तिला मुलगा झाला.

बारशाला वना आला. नवं धोतर, हातात पेढ्यांची टोपली. समोरच्या घरात न जाता तो आधी आमच्या ओसरीसमोर उभा राहिला. माझे वडील होते, भाऊ होता, गल्लीतली चार माणसं होती. दोन वर्षं त्याच्या पोटात साचलेलं होतं, ते मला त्याच्या मानेवरूनच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा ती वर होती.

"गावमा तू माले वांझ म्हनी व्हती," तो म्हणाला. "माले पोरगा व्हयना. आते बठ्ठास्मोरे कबूल कर. खोट कोनामा व्हती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वडिलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांना वाटत होतं, माझी पोरगी उत्तर देईल, तिनं एकदा दिलं होतं. उत्तर होतंही माझ्यापाशी. चिंधीची आठवण देऊन नुसतं समोरच्या घराकडे बोट केलं असतं तरी पुरलं असतं. आठ वर्षांचा कलंक त्या दुपारी धुतला गेला असता. समोरच्या दारात बेबा पोराला उराशी धरून उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. ती मला काही सांगत नव्हती. देवाचं नाव घेत असावी.

"मनामा व्हती," मी म्हटलं.

"जोरमा बोल."

"खोट मनामाच व्हती."

वनानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि तो समोर आपल्या पोराकडे गेला. वडील उठून आत गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचं बारसं असलं की मला ओटी भरायला बोलावत नाहीत.